घोळीवरच्या अळ्या

होळी गावातल्या आपल्या वाडीत, रहाटाच्या पाटाकडेला उगवलेल्या घोळीवर एक केशरी फुलपाखरू अंडी घालताना अनसूयेने पाहिलं, आणि तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. केशरी पंख, काळी टोकं, टोकांत पांढरे ठिपके. हे तर रुईवरचं फुलपाखरू. त्याच्या अळ्या रुईच्याच जातीची पानं खातात असं ती मुंबईच्या कॉलेजात शिकली होती. ते घोळीवर अंडी घालतं, हे तिच्या वाचनात कुठेच आलं नव्हतं. तिने प्राणिशास्त्राच्या बाईंना सांगूनही टाकलं, आणि बाईंनी तिला वर्गापुढे बोलायला तारीख दिली.

आठवडाभर ती वसतिगृहात असे, शनिवारी घरी येई. मधल्या दिवसांत अळ्यांना खायला कोण घालणार? तिच्या भावाची, काशिनाथची बायको मालन म्हणाली, "माझ्यावर सोपवा, अनुताई. घोळ मी रोज खुडतेच. आधी तुमच्या पोरांना, मग आमच्या भाजीला."

बुटाच्या खोक्याला मच्छरदाणीचं कापड लावून अनसूयेने अळ्या तिच्या हवाली केल्या. दर शनिवारी मालन दारातच बातमी देई. "जेवणारी मंडळी मोठी झाली हो. काल एकाने कात टाकली आणि तीच खाऊन बसला. तुमच्या भावासारखं, काही वाया घालवत नाही." मग कोश झाले. मालनने खोकं देवघराशेजारी, मुंग्या येणार नाहीत अशा जागी उंच ठेवलं.

रविवारी सकाळी कोश फुटले. आधी दोन केशरी फुलपाखरं निघाली. मग एक काळं निघालं. मखमलीसारखं काळं, प्रत्येक पंखावर मोठे पांढरे डाग, डागांभोवती निळी झाक. त्यामागून आणखी एक, तसंच.

अनसूयेने खोकं उचलून उजेडात धरलं.

"वहिनी, यात दुसऱ्या कुठल्या अळ्या टाकल्यात?"

"नाही हो. तुम्ही दिलेल्या त्याच."

"घोळीबरोबर आल्या असतील."

"पान न् पान झटकून घालते मी."

"मग एका आईची पोरं अशी दोन तऱ्हेची कशी? काही मेल्या असतील, आणि मला कळू नये म्हणून तुम्ही दुसऱ्या आणून भरल्या."

अळ्या सगळ्या एकसारख्या होत्या, काळ्या आणि काटेरी, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या घटकेला तिला ते आठवायचं नव्हतं.

काशिनाथ ओटीवर सुपारी कातरत होता. "काय ते खरं सांग," तो बायकोला म्हणाला. "नाहीतर आगाशीचं लग्न विसर." येत्या गुरुवारी आगाशी गावी, मालनच्या माहेरी, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "शिकलेली पोर उगाच बोलेल का?"

मालनने अनसूयेकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "हो. मीच टाकल्या."

"म्हणजे इतका वेळ खोटं बोललीस," काशिनाथ म्हणाला. "बस आता घरी."

एक शब्द टाकला असता तर भावाने ऐकलं असतं. पण अनसूया काळी फुलपाखरं कागदाच्या पाकिटांत भरण्यात गुंतली होती. प्रयोग का फसला ते बाईंना दाखवायला तिला ती हवी होती.

शुक्रवारी बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. कपाटातला एक खण ओढून तिच्यापुढे ठेवला. काचेखाली एक काळं आणि एक केशरी फुलपाखरू शेजारी शेजारी टोचलेलं होतं. खाली नाव एकच. काळ्यापुढे नराची खूण, केशरीपुढे मादीची.

"अळीत फरक दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कोशात अगदी शेवटी पंखांत रंग उतरतो, आणि नराला वेगळा, मादीला वेगळा. मादी रुईवाल्याचं सोंग घेते. ते कडू असतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून हिलाही सोडतात. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजलेस? रुईवाल्याला तीन-चार असतात, हिला एकच."

तिने मोजले नव्हते. एरवी फुलाचे केसर मोजल्याशिवाय वहीत चित्र न काढणारी ती.

"मग वहिनींनी काय बिघडवलं?" बाईंनी विचारलं. लग्न काल होऊन गेलं होतं.

शनिवारी ती घरी न जाता आधी वाडीत गेली. मालन पाटावर अळू धूत होती.

"वहिनी, तुम्ही अळ्या टाकल्या नव्हत्या."

"नव्हत्याच."

"मग हो का म्हणालात?"

"हो म्हटल्यावर तरी आगाशीला पाठवतील असं वाटलं." मालनने जुडी झटकली. "आता ते उकरू नका. तेव्हा नाही म्हणाले म्हणून खोटारडी ठरले, आता हो म्हणाले म्हणून ठरेन."

"मी सांगते सगळं. माझ्या तोंडाने."

"सांगा. बहिणीला हळद लागून गेली."

रात्री पानावर बसल्यावर अनसूयेने सांगितलं. काळे नर, केशरी माद्या, एकाच आईचे. आईने घास हातातच धरला. "मग हिने कबूल कसं केलं?"

"मी करायला लावलं, आई. त्यांनी खोटं सांगितलं नाही, मी वदवून घेतलं. आणि दादा, तू त्यांना अडवलंस तेव्हा मी गप्प बसले."

काशिनाथने मान वर केली नाही. आपल्या ताटातली घोळीची भाजी तो बोटाने नुसती सारत राहिला. मालनने भात पुढे आणला.

"वाढू?" तिने विचारलं, नेहमीसारखंच. तो "वाढ" म्हणाला, आणि अनसूयेला वाटलं, त्याने मालनला आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं.

सकाळी पाटाकडेच्या घोळीवर नवी अंडी दिसली. पानासकट ती खोक्यात घालून अनसूयेने खोकं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलं. ती सांभाळाल का, असं मालनला विचारायचा धीर तिला झाला नाही.

संध्याकाळी मुंबईला निघताना तिने वळून पाहिलं. खोकं तिथेच होतं. मालनने तेवढी जागा सोडून बाकीच्या घराचा केर काढला होता.