त्रास : काही नाही

डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला असलेली ती मुलगी तीन आठवड्यांपासून स्वतःला संशोधक समजत होती. गळ्यात ओळखपत्र, हातात पुठ्ठ्याला लावलेली यादी आणि चेहऱ्यावर उगाचच गंभीरपणा. आईने तर घरी दोनदा विचारलंही होतं, "पोट दुखतंय का गं?"

पोटाचाच विषय होता म्हणा. काही जणांच्या आतड्याला पुन्हा पुन्हा सूज येते, आत जखमा होतात, दिवसातून दहादा संडासाकडे धावावं लागतं, कधी रक्तही जातं. असा आजार असलेल्या माजी सैनिकांची देखभाल नीट होते का, हे तिला शोधायचं होतं. दर गुरुवारी ते नंबर लावून दवाखान्यात गोळ्या न्यायला येत. ज्याच्या नावापुढे त्रासाची नोंद होईल, त्याला डॉक्टर लगेच नीट तपासणार आणि बाकीच्यांना सहा महिन्यांनी, असं ठरलं होतं.

बत्तीस जणांना विचारलं. बत्तीसही म्हणाले, "त्रास काही नाही."

आपल्या हुशारीवर लट्टू होऊन तिने आलेख काढला. त्यात एकच हिरवी पट्टी होती. आलेख कसला, खांबच तो! उद्या तो सरांना दाखवायचा होता.

गुरुवारी दवाखान्यात फरशी पुसता पुसता मावशींनी विचारलं, "काय गं, सगळे ठणठणीत?"

"शंभर टक्के, मावशी!"

"मग तिकडे पंख्याखाली कुत्रं बसत नाही आणि इथे संडासाच्या दारापाशी जागेसाठी रुमाल टाकतात, ते का?"

मुलीने वळून पाहिलं. पंख्याखालच्या तीन रांगा मोकळ्या होत्या. संडासाशेजारच्या दोन रांगांत मात्र बत्तीस माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. गेले तीन गुरुवार तशीच बसत होती आणि संशोधकबाई आपल्या यादीत बघत होत्या.

तिने विचारलं तरी कसं होतं? त्या खोलीत सगळ्यांसमोर उभं राहून, खणखणीत आवाजात. "क्रमांक सात, काही त्रास?" ज्यांनी उभी हयात रांगेत काढली, ते सगळ्यांदेखत दुसरं काय सांगणार? वर तिला वाटलं होतं, शिस्तीची माणसं, काम किती पटापट होतंय! तिने हजेरी घेतली होती आणि तिला संशोधन म्हटलं होतं. चांगले दिवे लावले होते.

ती कोपऱ्यातल्या तोफवाल्या काकांशेजारी जाऊन बसली. तोफखान्यात नोकरी झालेली, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत.

"काका, खरं सांगा, त्रास होतो ना?"

"काही नाही."

हात टेकून ती म्हणाली, "बरं, निदान घरून इथे कसे आलात ते तरी सांगा."

काका खुलले. तिच्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी झरझर नकाशा काढला आणि त्यावर सात फुल्या मारल्या. "हा पेट्रोल पंप. संडास स्वच्छ, पण किल्ली मागावी लागते. हे वाचनालय, दहाच्या आधी उपयोग नाही. हे..."

"आज किती ठिकाणी थांबलात?"

"सातही."

"आणि रक्त?" तिने हळूच विचारलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "तीन आठवडे. पण त्रास म्हणून लिहू नकोस हं पोरी. आमच्यात जो त्रास सांगतो, त्याचा भार शेजारच्यावर पडतो."

तीन आठवडे! म्हणजे तिने पहिल्यांदा "काही त्रास?" असं ओरडून विचारलं, तेव्हाही. हिचा खांब उभा राहत होता आणि काका झिजत होते.

नकाशा घेऊन ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली. "माझा निष्कर्ष साफ चुकला," एका दमात तिने सांगून टाकलं. डॉक्टरांनी नकाशा दोनदा पाहिला. "आत्ता आणा त्यांना."

पण काका जागचे हलेनात. "माझा नंबर एकविसावा. वीस माणसं आहेत पुढे."

"काका, अहो, हात जोडते!"

"रांग म्हणजे रांग."

तेव्हा पहिल्या नंबरचे गृहस्थ, तेच ज्यांनी सगळ्यांत मोठ्या आवाजात "काही नाही" म्हटलं होतं, खाकरले. "जा रे तू. मी थांबू शकतो." मग जरा खालच्या आवाजात, "म्हणजे, अजून दहा मिनिटं."

दुसरा म्हणाला, "माझी आठ धरा."

कोणीतरी हसलं. काका उठले आणि पाठ ताठ ठेवून आत गेले.

मुलीने हिरवा आलेख पालथा केला, खुर्ची ओढली आणि पहिल्या नंबरच्या काकांपुढे पेन धरलं.

"तोवर तुमचा रस्ता काढून दाखवता?" तिने विचारलं. या वेळी फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.