रुमालाखालचा भाव

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे. खांद्यावर टाकायचा, ऐसपैस. काठ विरलेत, तरी मान खाली घालावी असं मी काही केलेलं नाही.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शरणप्पा अडत्यांच्या खांद्यावर माझी उमर गेली. सौद्याच्या वेळी माझ्याखाली दोन हात जायचे, एक त्यांचा, एक खरेदीदाराचा. बोटं दाबून भाव ठरायचा. घेणारा लावतो ती बोली; त्याची नि विकणाऱ्याची गाठ घालून मधली अडत घेतो तो अडत्या. शेअर बाजारात त्याला ब्रोकर म्हणतात. नाव बदलल्यानं दलाली सुटत नाही. ज्याची तूर, तो शेतकरी मात्र भाव न कळता समोर बसून माझे काठ न्याहाळायचा. त्याबद्दल लोक अजून मलाच बोल लावतात. बोटं तुमची आणि बदनामी कापडाची, हा कुठला न्याय?

पुढे उघडा लिलाव आला. शरणप्पांनी गाळा विकला. पैसे बायकोच्या, नीलाबाईंच्या गुडघ्यांसाठी ठेवले. ऑपरेशन दोन महिन्यांवर आलं होतं.

एका सकाळी ते चहा पिता पिता म्हणाले, "सगळे एकाच शेअरमधी टाकतो. आतली बातमी हाय. महिन्यात दुप्पट."

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. खरा भाव झाकलेला असतो आणि उघड्यावर बोलतात तो लोकांसाठी, हेच ते जन्मभर शिकले होते. शेअर बाजारात साऱ्या देशाला दिसणारा भाव त्यांना खोटा वाटे आणि मोबाइलमधल्या ग्रुपवरची कुजबूज खरी.

सून दामिनी बँकेत कामाला. ती म्हणाली, "मामा, आतली बातमी खरी असली तर गुन्हा, खोटी असली तर थाप. शेअर म्हंजे कंपनीतला वाटा. कंपनीनं कमावलं तर लाभांश देईल, बुडाली तर आपला वाटाबी बुडतो. दोन महिन्यांत लागणारा पैसा तिथं लावायचाच नसतो. तो ठेवीत बरा. वरचा असला तर थोडा थोडा, चार ठिकाणी वाटून."

"तू पुस्तकं बघितलीस, मी मोंढा बघितलाय."

नीलाबाई भिंत धरत धरत आल्या. मला शरणप्पांच्या खांद्यावरून ओढलं आणि त्यांच्या नि स्वतःच्या हातावर टाकलं.

"हे काय करून राहिली?"

"सौदा. कंपनी काय बनवती?"

"औषधं... असतील."

"असतील? पोत्यात हात घालून मूठभर नमुना बघितल्याबिगर कधी बोली लावली का जल्मात? आन् माझे गुडघे बिगरनमुन्याच्या मालावर लावून राहिलेत!"

सौदा मोडायचा असला की बोट आधी सैल पडतं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? शरणप्पांचं पडलं.

तेवढ्यात ग्रुपवाल्याचा फोन आला. "काका, संधी चालली हातातून!"

"जाऊ दे. आधी नमुना दाखीव."

"कसला नमुना?"

"मग तुझा माल तुझ्याच घरी ठीव."

पैसे ठेवीत गेले. दामिनी आता त्यांना कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकवते. ते ओळीओळीला घासाघीस करतात, जणू तुरीत खडे शोधताहेत.

मित्रांनो, मला जपा, उन्हात वाळवा, दगडावर आपटू नका. पण कुणी झाकून भाव सांगू लागला, तर मला खुशाल फाडा आणि आत बघा. मी हूं की चूं करणार नाही.