मिल रोडवरचा ठोका

गाला म्हणजे आमच्या गावची वार्षिक जत्रा; त्या शनिवारी मिरवणूक साडेअकराला निघायची होती आणि मी पावणेदहालाच बँडच्या हॉलवर हजर होते. माझ्याआधी फक्त मर्डो गॅलब्रेथ आला होता. आमच्या साइड ड्रमवाल्यांचा तो प्रमुख. खिडकीपाशी बसून ड्रमचं कातडं चावीनं आवळत होता.

"लवकर आलीस, एल्स्पेथ."

"झोपच लागली नाही."

"जागीच राहा. निदान पोतं तरी पडणार नाही."

पोतं म्हणजे आमच्या बँडमध्ये भलत्या वेळी पडलेला ठोका. धून संपते, सगळे एकदम थांबतात, आणि त्या शांततेत एखाद्याची काठी उगाच एकदा वाजते, दारात कोळशाचं पोतं टाकल्यासारखी. एप्रिलमध्ये शाळेच्या मैदानावर चालण्याची तालीम झाली, तेव्हा मी तीन पोती टाकली होती. मर्डो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "गालाला चालून दाखव. एक जरी पडलं, तर पुढचं वर्ष पुन्हा सरावाची रबरी चकती. रांगेत नाही."

ती चकती मी इस्त्रीच्या टेबलावर ठेवून वीस महिने बडवली होती. घरच्यांना त्या टकटकीची इतकी सवय झाली होती की मी थांबले की नवरा विचारायचा, काय बिनसलं. मी दहा वर्षांची होते तेव्हा आमच्या या बालक्रेग गावच्या बँडमध्ये काठ्या फक्त मुलांना मिळायच्या. मुलींनी पुढे नाचायचं. मी नाचले, आणि वाईट नाचले. आता एकोणपन्नासची होते. आणखी एक वर्ष थांबायची माझी तयारी नव्हती.

सव्वाअकराला आम्ही बंदरावर रांगा लावल्या. अकरा बॅगपाइपवाले, मागे पाच साइड ड्रम, मधोमध बेसी टलॉकचा मोठा ढोल. बेसी आठवडाभर बस चालवते आणि शनिवारी ढोल. तिनं माझ्या किल्टकडे, बँडच्या त्या लोकरी घागऱ्याकडे, नजर टाकली.

"बकल उलटं लागलंय."

मी खाली पाहिलं. बकल बरोबर होतं.

"धास्ती विसरलीस ना घडीभर?" ती म्हणाली. "हे बघ, मी थांबायची खूण दिली की काठ्या वर, हनुवटीखाली. आणि मग हात मेले समज."

"आणि मिल रोडला?"

"तिथे तर दुप्पट मेले."

मिल रोडची गोष्ट वेगळी होती. आमचा जुना पाइप मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, फर्गस लॅमंड तिथेच राहायचा; तो मार्चमध्ये गेला. सव्वीस वर्षं बँड त्याच्या हाताखाली चालला. बँडमधलं कुणी गेलं की त्या वर्षी त्याच्या दारावरून बँड न वाजवता जातो. चर्चच्या कोपऱ्यावर धून थांबते, आणि तिथून बेकरीपर्यंत फक्त ड्रमवाल्यांचा प्रमुख डाव्या पावलागणिक ड्रमच्या कडेवर एकेक ठोका देतो. तो लागतोच. रस्ता उताराचा, दगडी, आणि तालाशिवाय सतरा वादकांची पावलं तिथे एकत्र राहत नाहीत. ते काम मर्डोचं. फर्गस आणि तो एकाच दिवशी बँडमध्ये आले होते, दोघंही अकरा वर्षांचे असताना.

बरोबर साडेअकराला, सगळ्यांच्या पुढे दंड घेऊन चालणाऱ्या ड्रम मेजरनं तो उचलला. ड्रमचे सलग गडगडणारे दोन रोल, मग पाइपांचा आवाज छातीवर थाप पडावी तसा आला, आणि आम्ही निघालो.

पहिल्या दोन धुना मला फारशा आठवत नाहीत. मर्डोच्या उजव्या कोपराकडे बघत होते. एका ठिकाणी मी चार ताल चुकले, तेव्हा शिकवल्याप्रमाणे काठ्या कातड्याच्या वर हवेत फिरवत राहिले आणि पुढच्या ओळीला परत आत शिरले. हाय स्ट्रीटवर, ज्यांना मी रोज शाळेत जेवण रांधून वाढते ती पोरं फुटपाथवरून ओरडली, "मिसेस रेनी, आज बटाटे कोण कुस्करतंय?" मी हसले नाही. पहिल्या थांब्याला बेसीची खूण आली, सगळे थांबले, मीही थांबले. दुसऱ्या थांब्यालाही. कॉलरपासून कमरेपर्यंत घामानं भिजले होते, पण पोतं नव्हतं. आता मिल रोडचा थांबा होता.

चर्चच्या कोपऱ्यावर बेसीनं खूण दिली. धून तुटली. माझ्या काठ्या हनुवटीखाली गेल्या.

आता मर्डोचा ठोका यायचा होता. डावा पाय पडला. ठोका नाही. पुन्हा डावा. नाही. पुढच्या रांगेतले घागरे एका लयीत हलत होते ते हलकेच विसकटायला लागले; कुणाचं पाऊल लांब, कुणाचं आखूड. डावीकडे फर्गसचं घर आलं. त्याची बायको नेटी दारात उभी होती, हात एप्रनमध्ये. मर्डोच्या काठ्या कातड्यापासून चार बोटं वर होत्या आणि तिथेच होत्या.

माझा हात घामानं ओला होता. उजवी काठी बोटांतून सुटली, तिचं टोक ड्रमच्या कडेवर पडलं आणि मी ती पकडली.

टक.

पूर्ण रस्त्याला ऐकू गेलं. पोतं. तेही फर्गसच्या दारात. कानशिलं तापली. आणि मग मला समोर दिसलं की पाइपवाल्यांची डावी पावलं, अकराच्या अकरा, त्या ठोक्यावर एकदम पडली होती. पुढच्या डाव्या पावलालाही त्यांना ठोका लागणार होता.

मी दुसरा ठोका दिला. मग तिसरा. बेकरीपर्यंत त्रेचाळीस झाले. मोजत होते, कारण मोजलं नसतं तर विचार केला असता. मर्डोनं मान वळवली नाही. बेकरीच्या दाराशी ड्रम मेजरचा दंड वर गेला, मर्डोच्या काठ्या एकदम जाग्या झाल्या, रोल आला, आणि आम्ही वाजवत मैदानात शिरलो.

ड्रम उतरवला तेव्हा खांद्याला पट्ट्याचा लाल वळ होता. चहाच्या तंबूत बेसीनं माझ्यासमोर मटण भरलेली गरम पाई ठेवली.

"छुपी रुस्तम आहेस. मर्डोनं तुला कधी सांगितलं?"

"काय?"

"की मिल रोड तू घ्यायचा."

मी उत्तर द्यायच्या आत नेटी लॅमंड आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बरं केलं त्यानं, नव्या माणसाला दिलं. मी फर्गसची टोपी खिडकीत ठेवली ना, मर्डोला ती बघून जमणार नाही असं वाटलंच होतं मला." आणि ती चहा घ्यायला गेली. मी पाई तशीच ठेवली आणि उठले.

मर्डो तंबूच्या मागे दोरीपाशी एकटा उभा होता. मी जाऊन सांगितलं.

"मर्डो, तो पहिला ठोका मी दिला नाही. काठी निसटली. पोतंच होतं ते."

"माहीत आहे."

"कसं?"

"ड्रमच्या कडेवर काठी टोकावर पडते तेव्हा असा आवाज येतो. मुद्दाम दिलेला ठोका काठीच्या मधल्या लाकडाचा असतो. चाळीस वर्षं ऐकतोय, पोरी." त्यानं मैदानाकडे मान वळवली. पोरांची पोत्यांची शर्यत चालू होती. "तिनं टोपी उलटी ठेवली होती. तो तशीच ठेवायचा. पाइपच्या तोंडातले रीड, त्या बारीक पट्ट्या, त्यात टाकायचा, हरवू नयेत म्हणून. मी आत बघितलं, रीड आहेत का. आणि मग हातच चालेनात."

"मग चकती," मी म्हणाले. "पुढचं वर्ष."

"दुसरा ठोका निसटला होता का?"

"नाही."

"तिसरा?"

"नाही."

"मंगळवारी साडेसातला तालीम आहे. ड्रम घेऊन ये," तो म्हणाला. "आणि तिथे बेसीच्या पुढे हे बोलू नकोस. तिला वाटतंय मी तुला आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्याबद्दल तिला असं चांगलं काही पहिल्यांदाच वाटलंय."

मी तंबूत परत आले. पाई थंड झाली होती. सगळी खाल्ली, आणि नेटीनं दिलेली दुसरीही.