ओल नको, ऊब हवी

मी एक जुना मातीचा गोळा आहे. पण मित्रांनो, नदीकाठच्या मातीचा नव्हे. बारीक चाळलेली मातीची पूड, मेण आणि तेल मंद आचेवर एकजीव करून एका शिल्पकार बाईंनी मला घडवले. मी कधी वाळत नाही. म्हणून मी घोडा झालो, कासव झालो, कुणाचा तरी कान झालो आणि पुन्हा गोळा झालो. शिकाऊ हात मला फार आवडायचे. ते विचारल्यासारखे हळूच दाबतात. पुढे झटपट कडक होणारी पांढरी माती आली आणि सारे तिचेच गोडवे गाऊ लागले. मी टेबलाखाली, पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. तिथे मला स्वप्ने पडत, अजून न झालेल्या चेहऱ्यांची.

एका सकाळी बाईंकडे दोघी बहिणी आल्या. धाकटी शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करी. ताईच्या जबड्यावर नऊ दिवसांनी शस्त्रक्रिया होणार होती आणि मग तिचे हसू असे राहणार नव्हते. ते हसू धाकटीला आधीच घडवून ठेवायचे होते. पांढऱ्या मातीत तिने दोनदा करून पाहिले होते. दोन्ही वेळा ओठ जमेपर्यंत ती माती दगड झाली.

"पहिलंच काम ना?" बाई म्हणाल्या. "मग चुका पोटात घालणारी माती घ्या." आणि त्यांनी मला डब्यातून काढले.

ताई रोज तासभर समोर बसे.

"नाक आत्याचं लावलंस की गं!"

"ताई, हलू नकोस."

"हसू हवंय ना तुला? न हलता कशी हसू?"

जाताना धाकटी, मी वाळू नये म्हणून, मला नेमाने ओले फडके गुंडाळी. मी गारठून ताठ होई. तिसऱ्या दिवशी ओल्या अंगावरून तिची बोटे निसटू लागली.

"हिनंही माझ्या कामाची मातीच केली," ती रडवेली झाली.

बाईंनी फडके पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो, हिला आंघोळ घालायला कुणी सांगितलं? ही तेलाची माती. हिला ओल नको, ऊब हवी."

धाकटीने मला कोरडे पुसले. माझी एक चिमूट तळव्यांत धरून ती डोळे मिटून बसली, देवापुढे बसावे तशी. मी मऊ झालो. आठव्या दिवशी डाव्या गालावरची खळी उतरली आणि टोमणे मारणारी ताई स्वतःच्या गालावरची खळी चाचपू लागली.

बाईंनी माझ्यावरून साचा घेतला, मला त्यातून उकरून काढले आणि रिकाम्या साच्यात प्लास्टर ओतले. ताईचे हसू पांढरेशुभ्र होऊन घरी गेले. मी डब्यात परतलो. वाईट वाटले नाही, असे कसे म्हणू?

दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. ताईचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. शब्द सावकाश येत होते.

"घरातलं ते हसू रोज बघते," ती म्हणाली. "छान आहे. पण ती कालची मी."

मित्रांनो, माझ्यासारख्याला धुळीत विसरू नका आणि पाण्यात बुडवू नका. पहिल्या कामाला अशी माती घ्या, जी तुमच्यासाठी थांबेल. थांबण्यापलीकडे मला तरी काय येते?

ताईने डबा उघडला, मला स्वतःच्या तळव्यांत धरले आणि वाकड्या ओठांनी हसली.

"धाकटे, आता हे तोंड कर. सावकाश कर. आणि या वेळी नाक माझंच लाव!"

तिच्या हातात मी मऊ होऊ लागलो होतो.