पंधरावा फर्मा

फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. बाइंडिंगच्या कारखान्यात मी घड्या घालते, मावशी टाके घालते, आणि घड्या घालता घालता मी वाचते. शाळा सातवीत सुटली, वाचन नाही सुटलं.

त्या आठवड्यात समाजशास्त्राचं पाठ्यपुस्तक होतं. पहिला फर्मा प्रस्तावनेचा, पुढचे तेरा दाढीवाल्या विचारवंतांचे. पंधरावा हातात आला आणि अंगावर सर्रकन काटा आला. हे शास्त्र रांगत होतं तेव्हाच काही बायका विचारत होत्या : कामगार गिरणी चालवतो, मग कामगाराला कोण चालवतं? त्याला जेवू घालणारी, त्याची पोरं वाढवणारी बाई फुकट राबते, म्हणून तर मालकाचा नफा फुगतो. शंभर वर्षांपूर्वी! आणि असलं काही मनात आलं की मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय.

मी मोठ्याने वाचलं. मावशी म्हणाली, "अगं बाई, म्हणजे चाळीस वर्षं गिरणीत मीपण होते, आणि हजेरी फक्त ह्यांची लागली!" सगळ्या खो खो हसल्या.

तेवढ्यात मालक आले. "पंधरावा रद्दीत टाका. कव्हराची पाठ अरुंद छापली गेलीय, पुस्तक मावत नाही. पुस्तक लिहिणारे सर म्हणाले, ते परीक्षेला नाही."

माझं डोकंच सटकलं. "सरांना बोलवा. तोवर एक टाका पडणार नाही."

मावशीने सुई पुठ्ठ्यात खुपसली. बाकीच्या चौघींनीही.

सर धापा टाकत आले. "बाई, मूळ विचारवंत महत्त्वाचे. हे नंतर जोडलेलं."

"नंतर कसलं? सालं बघा की! तुमच्या दुसऱ्या फर्म्यात कामगार डबा घेऊन गिरणीत येतो. तो डबा भरणारी पंधराव्यात आहे. तिला काढलंत तर उपाशी मरेल बिचारा."

"पण एक फर्मा काढायलाच हवा ना!"

"मग प्रस्तावनेचा काढा. सोळा पानं. तुमचा फोटो, तीन मित्रांनी गायलेले तुमचे गोडवे, आणि शेवटच्या ओळीत बायकोचे आभार, अख्खं पुस्तक टाइप केल्याबद्दल. तिचं नावसुद्धा नाही!"

मालक डोळे वटारत होते. नोकरी गेली असं धरूनच मी उभी होते. पण मजा येत होती, खोटं कशाला बोलू!

"निदान फोटो तरी..." सर पुटपुटले.

"चिकटवू की मागच्या बाजूला," मावशी म्हणाली. "खळ भरपूर आहे."

सर हसले नाहीत. पंधरावा हातात घेऊन उभ्यानेच चाळत राहिले, आपलंच लिहिलेलं पहिल्यांदा वाचत असल्यासारखे. मग मालकांकडे न बघता म्हणाले, "काढा प्रस्तावना."

ते गठ्ठे मी स्वतः रद्दीकडे नेले. चौथ्या खेपेला मावशी ओरडली, "अगं, पळतेस काय अशी!"