कापडाखालची बाई

चित्रकला विद्यालयाच्या वर्गात ती लाकडी चौथऱ्यावर पाठमोरी बसली होती. अंगाभोवती जाड सुती चादर, एक खांदा उघडा. मागे मुलं कोळशाच्या कांड्यांनी कागद काळे करत होती.

"अरे, चुण्या काय मोजतोस?" मास्तर एकाला म्हणाले. "चादर विकायचीय का तुला? खाली गुडघा आहे म्हणून घडी पडते. आधी गुडघा शोध!"

तिला हसू आलं, पण हलायचं नव्हतं.

घरी ती विधवा वहिनी. ती विद्यालयात झाडलोट करते, अशी घरच्यांची समजूत. त्याला कुणाची ना नव्हती. विधवा बाई वाकलेली असली की घराण्याची अब्रू कशी ताठ उभी राहते!

दिराचं पडद्यांचं दुकान. विद्यालयाच्या प्रदर्शनातून त्यांनी एक चित्र आणून दिवाणखान्यात लावलं. "कापडाचा झोळ बघा, झोळ!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. चित्रातली पाठ त्यांच्याच घरात रोज भांडी घासत होती. पण तिकडे बघायला रसिकांना सवड कुठली?

पुतणीला बघायला मंडळी येणार होती. सकाळीच धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, आज तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा हं. राग नका मानू, पण शुभकार्यात..." पुढचं तिने गिळलं. तेवढीच काय ती लाज त्या घरात शिल्लक होती.

मुलाची आत्या चित्रापुढे थबकली. "सुरेख! नुसत्या पाठीवरून बाई दमलेली कळते हो. कोण ही?"

"असेल कुणीतरी बसवलेली," दीर हसले. "आपण कापड बघायचं."

"माझी काकू आहे," पुतणी म्हणाली. "त्या खांद्यावर निजून मी मोठी झाले, बाबा. मला पहिल्याच दिवशी ओळखू आली."

मघाचं सुरेख चित्र एका वाक्यात ओंगळ झालं. आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. मंडळींना एकाएकी उशीर होऊ लागला.

दार लागताच दीर स्वयंपाकघरात आले. "उघड्या अंगाने पोरांपुढे बसता? आम्ही समजत होतो, झाडायला जाता!"

"झाडतच होते, भाऊजी. गुडघे गेले, तेव्हा मास्तरांनी बसायचं काम दिलं."

"ते उद्यापासून बंद. नाहीतर हे घर बंद."

"आणि ते चित्र?" पुतणीने विचारलं.

"दुकानात लावतो. तिथे कोण ओळखतंय!"

तिने पदराला हात पुसले. "भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मी उभीच आहे. 'बसा' म्हणणारं पहिलं माणूस तिथे भेटलं. काम सोडायची नाही मी."

चार लुगडी पिशवीत भरून ती निघाली. पिशवी पुतणीने उचलली. जाऊ दारापर्यंत धावली. "अहो वहिनी, पण लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे कोण हो? चहाचा कप बाजूला ठेवून ही पुरवणी वाचणारे तुम्ही-आम्हीच की. तिला आता एक खोली भाड्याने हवी आहे. ती तुमच्या दाराशी आली, तर "एकट्या बाईला देत नाही" म्हणणार आहात का, तेवढं आजच ठरवून ठेवा. तिला ताटकळत उभं ठेवू नका.