बत्तिसावं पार्सल

एकतीस रेकॉर्डिंग गेल्याचं कळलं तो मंगळवार होता. पार्सलबाबू गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचं ते तुम्ही पाठवलेलं उघडत नाहीये. मुदत संपली म्हणतंय."

"कसली मुदत?"

"सात दिवसांची. माझंच चुकलं, ऐकायचा धीरच होत नव्हता. पुन्हा पाठवा ना."

टॉवेल हातातच राहिला. पुन्हा पाठवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी पार्सल कचेरीच्या खिडकीमागे काढली होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना पार्सलबाबूच म्हणत. कचेरीचा शिरस्ता असा, की पावती फाडली की माल आपला नाही, फळी रिकामी करायची. बायको गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी तिच्या फोनमधली रेकॉर्डिंग एका फुकट सेवेवर चढवली. 'पाठवलं' अशी हिरवी खूण आली. मग त्यांनी सवयीप्रमाणे फोन रिकामा केला, कचऱ्याची टोपलीसुद्धा झटकून टाकली. वर या वयात आपल्याला हे जमलं म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होते.

आजारपणात ती उशीला टेकून मुलीसाठी बोलून ठेवायची. शाईचा डाग कसा काढायचा, लोकरीचा स्वेटर कसा धुवायचा, बाळाला ढेकर येत नसेल तर काय करायचं. मध्येच, "अहो, तो पंखा बंद करा, माझ्यापेक्षा तोच जास्त बोलतोय," असंही त्यात यायचं.

त्यांनी मुलीला खरं ते सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. तिची आई फार रागावली की असंच "बरं" म्हणायची.

सेवेवाल्यांना पत्र लिहिलं, तर तीन ओळींचं उत्तर आलं. मुदतीनंतर फाइल पुसली जाते, परत मिळत नाही. तक्रार करायला जागाच नव्हती. नियम त्यांचाही होता आणि बाबूंचाही.

चार दिवसांनी बायकोचा फोन उलटापालटा करताना एका वेगळ्याच कप्प्यात बत्तिसावं सापडलं. नाव नाही, नुसती तारीख. लांबी अकरा मिनिटं. बाबूंनी अंगठा त्यावर नेला आणि मागे घेतला.

"आत्ताच्या आत्ता पाठवा," कळल्यावर मुलगी फोनवर म्हणाली.

"नाही. आधी वीट जाईल."

विटेची गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती. पार्सलं नव्या मार्गाने पाठवायची झाली, की कचेरी आधी एक वीट कागदात बांधून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायची. किती दिवसांत येते, कोपरे फुटतात का, दोरी सैल होते का, ते बघायचं. बांधणीच्या टेबलावर तेव्हा एक नवी मुलगी आली होती. तिच्या गाठी सुटता सुटायच्या नाहीत. तिने बांधलेली पहिली वीट नऊ दिवसांनी परत आली, तेव्हा बाबूंना कागदाच्या आत चिठ्ठी सापडली: 'वीट सुखरूप पोचली असेल. खिडकीतले साहेब हसतात का कधी?' बाबू हसले की नाही ते कुणी बघितलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्यानंतरच्या प्रत्येक विटेत चिठ्ठी असायची. कचेरीच्या मोठ्या साहेबांना वाटायचं, हा माणूस विटांची चाचणी काय मनापासून करतो!

आता विटेच्या जागी त्यांनी कचेरीची जुनी नियमपुस्तिका घेतली आणि ती घड्याळ लावून बरोबर अकरा मिनिटं फोनमध्ये मोठ्याने वाचली. मग चार सेवा निवडून चारही ठिकाणांहून ती मुलीला पाठवली. वहीत रकाने पाडले: किती वेळ लागला, फाइलचं वजन तेवढंच भरलं का, मुदत किती, मूळ प्रत जागेवर आहे का. शेवटच्या रकान्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

पहिली सेवा चपळ होती, पण मुदत तीच सात दिवसांची. दुसरी उघडायला मुलीला आधी नाव, गाव, जन्मतारीख द्यावी लागली आणि वर जाहिरातीही बघाव्या लागल्या.

"हिला काट मारा बाबा. लग्न जुळवतानासुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती माझी."

"तिसरी?"

"आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय. तुम्ही आहात कळतं, पण सर्दी झालेले."

तिसरीत विटेचं वजन निम्मं भरलं होतं. वाटेत कुणीतरी कोपरे फोडले, असं बाबूंनी लिहिलं. चौथी हळू होती, एक अख्खी दुपार खाल्ली तिने. पण वजन तेवढंच, आवाज तोच, आणि आपण काढेपर्यंत माल तिथेच. मूळ प्रतही फोनमध्ये जागच्या जागी होती. ती आहे ना, हे त्यांनी तीनदा उघडून पाहिलं. माल जातो आणि फळीवरही राहतो, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"झालं ना मग?" मुलगी म्हणाली. "चार वेळा ऐकली मी तुमची नियमावली. बाळ हल्ली तिच्यावरच झोपतं."

"झालं. उद्या सकाळी आईचं एकदा तपासून घेतो आणि पाठवतो."

"तपासून म्हणजे? एकटेच ऐकणार तुम्ही?"

"आत काय आहे ते बघायला नको? नाव नाही त्यावर. तुझ्यासाठी आहे का माझ्यासाठी, तेही कळत नाही."

"बाबा, कलम सतरा."

ते कलम बाबूंनी स्वतःच वाचलं होतं, चारही विटांत होतं. पत्ता नसलेलं पार्सल एकट्याने उघडू नये, दोघांच्या समक्ष उघडावं. कचेरीत ते दोघं म्हणजे खिडकीतला बाबू आणि बांधणीच्या टेबलावरची बाई. इतकी वर्षं दुसरी सही तिचीच असायची.

"दुसरी सही मी करते," मुलगी म्हणाली. "पण फोनवरून नाही. सुट्टी लागली की बाळाला घेऊन येते, तेव्हा समोर बसून."

"आणि तोवर?"

"तोवर न उघडता पाठवा. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. आणि बाबा, फळी रिकामी करायची नाही हं!"

दुसऱ्या दिवशी चौथ्या सेवेवरून बत्तिसावं गेलं. मुलीने तिकडून वजन वाचून दाखवलं, बाबूंनी इकडे वहीत ताडून पाहिलं. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं होतं. त्यांनी खाली सही केली आणि शेजारी दुसऱ्या सहीची जागा मोकळी सोडली.

मुलीची सुट्टी जूनमध्ये आहे. पार्सल अजून उघडायचं राहिलं आहे.